तीन रेघांचा त्रिकोण

बाळकुमच्या पुढे कशेळीच्या पुलाखालून वाहणारं पाणी कोलशेत, घोडबंदर करत वसईला समुद्रात शिरतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या आसऱ्याने आरमाराची जहाजं बांधायला घेतली. खाडीतल्या होडीवाल्याला दोन्ही काठ दिसत असतात. वसई सोडून किनारा दूर राहिला, की मात्र आपण नेमके कुठे आहोत हे ठरवावं लागतं.

मुंबईकडे येणाऱ्या जहाजावरचा अधिकारी होकायंत्रावरून खांदेरीच्या, म्हणजे कान्होजी आंग्रे बेटावरच्या, दीपगृहाची दिशा घेतो आणि नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढतो. या रेघेवर जहाज कुठेतरी आहे, एवढंच त्यातून कळतं. कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्राँग्ज दीपगृहाची रेघ तिला छेदते, तेव्हा जागा सापडते. तिथे छोटं वर्तुळ काढून वेळ लिहितात. तिथून पुढे वेग आणि दिशा धरून केलेल्या अदमासाला वर्तुळ मिळत नाही; मार्गावर नुसती आडवी रेघ मारतात.

पाहिलेलं आणि मानलेलं यांची खूण वेगळी ठेवण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. जवळच्या माणसांबद्दल आपण एकदा कधीतरी पाहिलेलं वर्षानुवर्षं पुढे ओढत नेतो आणि प्रत्येक अदमासाभोवती बिनदिक्कत वर्तुळ काढतो. मधल्या काळात त्यांच्यावर काय गुदरलं, याची विचारपूसही करत नाही.

खरा कस लागतो तो तिसरी रेघ ओढल्यावर. तिन्ही रेघा एका बिंदूत क्वचितच मिळतात. बहुधा मधे छोटा त्रिकोण उरतो. होकायंत्राचा दोष, नजरेची चूक, दोन नोंदींच्या मधे पुढे सरकलेलं जहाज, सगळं त्यात उतरलेलं असतं. त्रिकोण मोठा असेल तर दिशा पुन्हा घेतात. लहान असेल तर तो तसाच राहू देतात. रेघ हळूच सरकवून मिटवत नाहीत. आणि जवळपास खडक किंवा उथळ पाणी असेल, तर त्रिकोणाचा जो कोपरा धोक्याला सर्वांत जवळचा, तिथेच आपलं जहाज आहे असं धरून पुढचा मार्ग आखतात.