रुमालाला कालचं काही आठवू नये

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जादूगाराच्या घरी काय चाललेलं असतं? बहुतेक वेळा धुणं. आदल्या रात्री रिकाम्या मुठीतून लाल, पिवळे, निळे रुमाल उसळत बाहेर आले, पोरांनी टाळ्या पिटल्या, पडदा पडला. आता तेच रुमाल बादलीशेजारी पडलेले असतात. कडांना घामाचा ओलसरपणा, एखाद्यावर चेहऱ्याच्या रंगाचं बोट, बाकी रंगमंचावरची धूळ.

हे रुमाल रेशमाचेच लागतात. हाबुताई म्हणून ओळखलं जाणारं साध्या विणीचं तलम रेशीम यासाठी वापरतात. त्याचा जाड-बारीकपणा ‘मोमी’ या जपानी मापात मोजतात. एक मोमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे 4.34 ग्रॅम. या हिशेबाने 5 मोमीच्या कापडाचा 18 इंची रुमाल जेमतेम साडेचार ग्रॅम भरतो. मुठीत तर तो मावतोच, पण तशी मलमलही मावेल. फरक दिसतो तो मूठ उघडल्यावर. मलमल चुरगळून तशीच पडून राहते. रेशमाचा धागा मुळात लवचीक, त्यामुळे दाबलेला रुमाल सुटला की आपोआप फुलतो. छोट्याशा जागेतून एवढं मोठं कापड कसं निघालं, असं आपल्याला वाटतं त्याचं निम्मं श्रेय जादूगाराच्या बोटांना आणि निम्मं रेशमाच्या किड्याला द्यायला हवं.

पण या लवचीकपणालाही मर्यादा आहे. रुमाल लपवायच्या जागी (ती कुठे असते ते इथे सांगायचं नाही) चार-आठ दिवस कोंबून ठेवला की घड्या बसतात आणि पक्क्या होतात. मग तो रंगमंचावर येतो तो निजून उठल्यासारखा. प्रेक्षकाला हातचलाखी कळत नाही, पण कापडावरची चौकोनी रेघ मात्र पहिल्या रांगेतल्या पोरालाही दिसते. हा आत्ता हवेतून आलेला नाही, कुठेतरी घालून ठेवला होता, हे त्याला बरोबर समजतं. सुरकुती चुगली करते. म्हणून जाणता जादूगार साहित्य भरतो ते तिसऱ्या घंटेच्या जरा आधी, आणि खेळ संपल्यावर पेटी बंद करण्यापूर्वी सगळे रुमाल मोकळे करतो. पुढच्या कार्यक्रमासाठी आजच भरून ठेवलं की काम हलकं होतं, असं म्हणणारेही असतात. मला तो आळस वाटतो, आणि तो दिसतोच.

धुण्याचं तंत्र साधं आहे, पण हयगय चालत नाही. पाणी गार. साबण सौम्य, रिठ्याचं पाणी तर उत्तमच. डाग काढणाऱ्या पावडरींच्या वाट्याला मात्र जाऊ नये. त्यातल्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं विरघळवणारी विकरं असतात. रक्ताचे, अंड्याचे डाग त्यामुळेच जातात. रेशीम हेही प्रथिनच, तेव्हा डागाबरोबर रुमालही थोडाथोडा झिजतो. ब्लीचने तर धागाच खलास होतो. लाल रुमाल नेहमी वेगळा धुवायचा, त्याचा रंग पांढऱ्यावर कधी चढेल याचा नेम नाही. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर टाकलं तर उरलेला साबण निघून जातो आणि झळाळी परत येते. पिळायचं नाही, कारण ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवत असतं. टॉवेलात गुंडाळून हलकेच दाबायचं आणि सावलीत पसरायचं. इस्त्री कोमट, उलट्या बाजूने, रुमाल सगळीकडून सारखा दमट असतानाच. वाळल्यावर वरून पाणी शिंपडलं तर ठिपक्यांचे डाग राहतात.

ठेवायचे कसे? आपल्याकडे पैठणीची घडी मधूनमधून बदलतात, एकाच रेषेवर ताण येऊन रेशीम आणि जर चिरू नये म्हणून. तरीही जुन्या पैठणीची घडी उलगडली की कुणाचं लग्न, कुणाची ओटी, सगळं बाहेर येतं, आणि ते यावं असंच घरातल्यांना वाटतं. जादूच्या रुमालाचं नेमकं उलटं. त्याच्यापाशी कालचं काहीच उरू द्यायचं नाही. म्हणून शक्यतो घडीच घालू नये. सुती कापडावर सपाट पसरावा किंवा सैल गुंडाळी करावी. प्लॅस्टिकची पिशवी नको, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आतला दमटपणा आतच राहतो आणि बुरशी धरते. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर पुरचुंडीत, रेशमाला न लागतील अशा. ऊन तर मुळीच नको, रंगही उडतो आणि धागाही ठिसूळ होतो.

बोटांचीही निगा राखावी लागते. नखाचा एक खरखरीत कोपरा, अंगठ्याची एखादी चिरलेली कड, आणि ऐन वेळी धागा अडकतो.

एड डुवाल या अमेरिकन जादूगाराचा ‘ऱ्हॅप्सडी इन सिल्क’ हा प्रयोग रेशमी रुमालांच्या राशींसाठी गाजला. त्याच्या काळच्या अमेरिकी रंगभूमीवर दिवसातून दोन-दोन, तीन-तीन खेळ लागायचे. टाळ्या पडायच्या त्या राशीला. ती रास उचलून, एकेक रुमाल झटकून पुन्हा जागेवर लावणं हे दोन खेळांमधल्या वेळातलं काम. रुमालांची जादू एवढी मोठी झाली, की हॅरोल्ड राइस यांनी तिचा कोशच लिहायला घेतला. 1948 साली त्याचा पहिला खंड निघाला आणि पुढे आणखी खंड आले.

रुमाल म्हातारा झाल्याचं कोपऱ्यांवरून कळतं. ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी सिल्क्स’ या जुन्या खेळात दोन रुमाल एकमेकांना बांधतात, तिसरा अदृश्य होतो आणि त्या दोघांच्या मध्ये बांधलेला सापडतो. असल्या खेळांत गाठी मारून, ओढून, सोडून कोपरे विरतात आणि कडेची शिवण उसवते. असा रुमाल सरावाला ठेवतात. त्याच्या जागी आणलेला नवा मात्र लगेच रंगमंचावर नेऊ नये. आधी धुऊन त्याचा सुटा रंग काढून टाकावा लागतो. नाहीतर दिव्यांच्या उष्णतेत तळहाताला घाम सुटतो, लाल रंग कातडीवर उतरतो, आणि जादूगार ऐटीत रिकामा हात पुढे करून दाखवतो तेव्हा रुमाल आत्ताआत्तापर्यंत कुठे होता ते सगळ्या सभागृहाला दिसतं.