कुठल्या बोटीवर?

नारळी पौर्णिमा जवळ आली की दांडीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, "यंदा कुठल्या बोटीवर?" पावसाळाभर बोटी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या असायच्या. मग रंगाचे डबे निघायचे, ओट्यावर बसून माणसं जाळी सांधायची आणि नाखवा-खलाशांची बोलणी सुरू व्हायची. आम्ही मच्छीमार नव्हतो. पप्पा मूळचे वसईचे, तारापूरच्या एमआयडीसीत कामाला होते. बोईसरला भाडं परवडेना म्हणून दांडीत दोन खोल्या घेतल्या आणि तिथलेच झालो. आमच्या आळीत चर्चला जाणारं घर आमचं एकट्याचं. रविवारी मिस्साला बोईसर गाठायचं, येताना आई बाजार करायची.

1997 सालच्या पावसाळ्यात मी वीस वर्षांची होते. घरात मी सांगून टाकलं होतं की मला सिस्टर व्हायचंय. शेजारच्या मावशीला वाटलं नर्स. ती म्हणाली, "बरं झालं, हातपाय दुखले तर गोळी तरी देशील." तसली सिस्टर नव्हे, मठातली, लग्न न करणारी, असं समजावल्यावर तिने सुकटीची टोपली खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. पण दोन दिवसांनी तिनेच विचारलं, "मग कुठल्या बोटीवर जाशील?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की सिस्टर म्हणजे सिस्टर, सगळ्या सारख्याच. तसं नसतं. धर्मभगिनींचे संघ शेकड्यांनी आहेत. कुणाचं मुख्य काम शाळा, कुणाचं दवाखाना, कुणाचं अनाथ मुलं. काही तर मठाच्या भिंतीबाहेर पडतच नाहीत, प्रार्थना हेच त्यांचं काम. व्रतं मात्र तीच: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. आणि हे लग्नासारखं एका दिवसात उरकतही नाही. आधी उमेदवारी, मग नोव्हिशिएट, ते कमीत कमी बारा महिन्यांचं. मग ठरावीक मुदतीची व्रतं, ती निदान तीन वर्षं, आणि त्यानंतर कायमची. 1983 च्या धर्मविधिसंहितेत हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. एवढा वेळ का देतात, हे तेव्हा मला कळत नव्हतं. मी घाईत होते.

वसईत आमच्या नात्यात तीन-चार सिस्टर होत्या. आजी लाल लुगड्याचा पदर सावरत म्हणायची, "देव बोलावतो, आपण जायचं." देव बोलावतो हे मला पटत होतं. पण देव पत्ता सांगत नव्हता! पाचारण असेल तर निवड कसली, आणि मीच निवडायचं असेल तर ते पाचारण कसलं? मिस्सात, बोईसर स्टेशनवर, न्हाणीघरात, सगळीकडे हा गुंता माझ्या डोक्यात असायचा.

मी तीन ठिकाणी जाऊन आले. पहिली शहरातली मोठी इंग्रजी शाळा. लांबलचक व्हरांडे, लादीत तोंड दिसेल एवढी चकाकी. जेवताना एक सिस्टर पुस्तक वाचायची, बाकीच्या गप्प. मला चमचा ताटाला लागण्याची भीती वाटत होती. दुसरा बंद मठ. जाळीपलीकडून एका वृद्ध सिस्टरने माझ्याशी तासभर गप्पा मारल्या. इतकी हसरी बाई मी आजवर पाहिली नाही. पण जाळी ती जाळीच, मी घाबरले. तिसरं ठिकाण जव्हारच्या वरच्या अंगाला, डोंगरात. चार सिस्टर, एक कौलारू घर, एक दवाखाना. सकाळी दारात वारली बायका पोरं पाठीशी बांधून बसलेल्या. मी दोन दिवस नुसत्या पट्ट्या गुंडाळून दिल्या. परत येताना एसटीत खिडकीशी बसून रडले आणि ठरवून टाकलं.

आमच्या रिट्रीटच्या फादरनी मला सबुरीने घ्यायला सांगितलं होतं. ते येशूसंघाचे, त्यामुळे त्यांच्याकडे संत इग्नेशियसचे नियम होते. इग्नेशियस आधी शिपाई. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या ते स्वतःचं मन तपासायला शिकले. त्यांचं सांगणं साधारण असं: निवड करताना मन आधी तराजूच्या काट्यासारखं मधे आणून ठेवायचं, इकडेही नको, तिकडेही नको. एखादा अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आला तर त्याला काय सांगू, ते बघायचं. मरणाच्या घडीला आज कुठली निवड केलेली बरी वाटेल, तेही बघायचं. आणि मन काळवंडलेलं असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. पण तराजूचा काटा मधे आणायची मला गरज वाटली नाही. मला दवाखाना हवा होता.

दुसऱ्या वर्षी मी त्या संघात उमेदवार म्हणून गेले. आई स्टेशनवर आली नाही. पप्पांनी बॅग उचलून डब्यात ठेवली, आणि गाडी हलली तरी ते खिडकीची सळई धरून चालत होते.

उमेदवारांचं घर दुसऱ्या राज्यात होतं. तिथे आम्ही इंग्रजी शिकलो, प्रार्थना शिकलो, बागेत भेंडी लावली. आठव्या महिन्यात मला सांगण्यात आलं की तुझं गणित चांगलं आहे, पुढे तू हिशेबाचं शिकावंस. मी हबकले. मी म्हटलं, मी तर दवाखान्यासाठी आले. थोरल्या सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तू दवाखान्यासाठी आलीस, की आमच्याबरोबर राहायला आलीस?"

या प्रश्नाचा मला फार राग आला. वाटलं, फसवलं. पट्ट्या दाखवल्या आणि हातात खतावणी दिली. आता पन्नाशीला टेकताना वाटतं, फसवणूक बिलकूल नव्हती. आज्ञापालनाचं व्रत म्हणजे, काम कुठलं ते दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं हे आधीच मान्य करणं. आज दवाखाना, उद्या स्वयंपाकघर, परवा आजारी सिस्टरची उशापायथ्याची सेवा. म्हणजे कामाकडे बघून संघ निवडणारी मुलगी नेमकी तीच गोष्ट निवडते, जी तिच्या हातून कधीही काढून घेतली जाऊ शकते. काढून घेता येत नाहीत ती बरोबरची माणसं आणि त्यांची जगायची रीत. हे मला त्या घरात कुणी बसून समजावलं असतं तर मी थांबले असते का? माहीत नाही. अकराव्या महिन्यात मी परत आले. मन काळवंडलेलं होतं, आणि अशा वेळी निर्णय बदलू नये हा वहीतला नियम होता. मी तोच मोडला.

परत आलेल्या मुलीला गावात काय ऐकावं लागतं ते लिहीत बसत नाही. वसईला नात्यात जास्त ऐकावं लागलं. दांडीत मात्र मावशी म्हणाली, "आमचे पण हंगामात बोट सोडतात. पटला नाय तांडेल, उतरले. त्यात काय?" मग जरा थांबून म्हणाली, "पण बोट बघून नाय जायचं पोरी. रंग काय, इंजिन काय! तांडेल बघायचा. रात्री दर्यात बरोबर कोण असणार ते बघायचं."

ती शाळेत गेलेली नव्हती.

पुढे पप्पांच्या ओळखीने नर्सिंगला प्रवेश मिळाला. मी बोईसरला एका रुग्णालयात लागले, लग्न झालं, दोन मुलं झाली. मावशी म्हणाली होती तीच सिस्टर मी झाले. म्हणजे ज्या कामासाठी गेले होते ते काम मला मिळालं, पोटभर मिळालं. कारखान्यात भाजलेले हात, बाळंतपणं, सापाची दंशं. तरीही कधी रात्रपाळी संपताना, खिडकीबाहेर उजाडत असताना, मला डोंगरातल्या त्या घराचं स्वयंपाकघर आठवतं. चुलीवर चहा, चौघी पाटावर, एकीचं डोकं प्रार्थनेतच डुलतंय, दुसरी तिला कोपराने ढोसतेय, आणि चौघींचा आवाज एकात एक मिसळलेला. त्या दोन दिवसांत मला हवंसं वाटलं होतं ते हे होतं. मी त्याला दवाखाना समजले.

आमच्या वसईच्याच संत गोन्सालो गार्सियांचं उदाहरण मला लोकांनी अनेकदा दिलंय, माझी समजूत घालायला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यावर, इग्नेशियस वारले त्याच सुमारास. येशूसंघाच्या फादरांच्या हाताखाली वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, वर्षानुवर्षं धर्मशिक्षणाचं काम केलं. त्यांना त्याच संघात जायचं होतं. घेतलं नाही. ते व्यापारात शिरले, पैसा केला, आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर देऊन मारलं, त्यांत गोन्सालो होते. 1862 मध्ये ते संत झाले.

लोक म्हणतात, बघ, एक दार बंद झालं तरी देवाने त्यांना पोचवलंच. मला ते अर्धंच पटतं. शेवट माहीत असला की मागची सगळी वळणं सरळ दिसतात. मनिलाला जाण्याआधी, दुकानात कापड मोजत असताना गोन्सालोंना ते तसं दिसत असेल का? मला त्या गोष्टीत दुसरंच काही भिडतं. त्या सव्वीस जणांत येशूसंघाचेही तिघे होते. ज्यांच्या घरात त्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्याच रांगेत ते शेवटी उभे राहिले. वसईच्या त्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय आलं असेल, असा विचार मी त्यांच्या सणाला नेहमी करते.

शिवाय एकदा नीट निवडलं म्हणजे संपलं, असंही नाही. मदर तेरेसा 1928 मध्ये अठराव्या वर्षी लोरेटो संघात गेल्या. कलकत्त्याला शाळेत शिकवलं, त्या सुखी होत्या. 1946 मध्ये दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना दुसरी हाक ऐकू आली, आणि 1948 मध्ये रीतसर परवानगी मिळाल्यावरच त्या बाहेर पडल्या. मधली दोन वर्षं थांबल्या. अंधेरीला 1942 मध्ये 'हेल्पर्स ऑफ मेरी' हा संघ सुरू करणाऱ्या जर्मन मदर अॅना हुबेर्टा रोगेनडॉर्फ याही आधी दुसऱ्याच संघाच्या सिस्टर होत्या. म्हणून त्यांची पहिली निवड चुकली असं म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. त्या ज्या घरातून निघाल्या तिथेच निघण्याइतक्या मोठ्या झाल्या. माझं तसं नव्हतं, हे मात्र मी स्वतःला सांगते. मी दुसऱ्या हाकेने निघाले नाही, मी रुसून निघाले.

परवा भाची आली. बी.एस्सी. झालेली, मोबाइलमध्ये तीन संघांची माहिती, फोटोंसकट. एक शाळेचा, एक झोपडपट्टीत काम करणारा, एक बंद मठ. बघून मला हसूच आलं. तिने मला तिन्ही वाचून दाखवले, आणि "आत्या, तू सांग" म्हणाली. अनोळखी माणसाला काय सांगाल ते स्वतःला सांगा, असं इग्नेशियस म्हणतात. पण ती अनोळखी नव्हती आणि मीही तटस्थ नव्हते. तिने जावं असंही मला वाटत होतं, जाऊ नये असंही.

मी विचारलं, "यातल्या कुठल्या घरात तू स्वयंपाकघरात गेलीस?"

ती म्हणाली, "पाहुण्यांना बाहेरच बसवतात ना गं."

"म्हाताऱ्या सिस्टर कुठे राहतात ते बघितलंस? त्यांच्याशी कोण बोलतं?"

ती गप्प झाली. मग मोबाइल उलटा ठेवून म्हणाली, "झोपडपट्टीतल्या घरात एक होती. तिला ऐकू येत नव्हतं. बाकीच्या तिला जोक ओरडून सांगत होत्या. दोनदा सांगावा लागला. तिसऱ्यांदा ती हसली, तेव्हा सगळ्या पुन्हा हसल्या."

"आणि तुला तिथे काम काय देणार?"

"ते काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही."

खाडीकडून बोटी परतायची वेळ झाली होती. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात मधल्याच एका वारी जाते, न कळवता. मी तिला बोईसरहून सकाळची कुठली गाडी बरी पडेल ते सांगितलं, आणि म्हटलं, जाताना सुके बोंबील घेऊन जा, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.