जमिनीत पुरलेला तालांत

आजचा शास्त्रपाठ : मत्तय २५:१४-३०



हा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. धनी परदेशी जातो, तीन दासांकडे पैसे सोपवतो. दोघे व्यापार करून दुप्पट करतात आणि तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो. मला इतकी वर्षं वाटायचं, तिसरा आळशी होता, बस. धनी त्याला तसं म्हणतोही. पण या आठवड्यात वाचताना मी २५ व्या वचनापाशी अडकलो. तिथे तो स्वतःच कारण सांगतो की त्याला भीती वाटली.

त्याने चोरी केली नाही, पैसे उडवले नाहीत. त्या काळी पैसे जमिनीत पुरणं ही सुरक्षित ठेवण्याची नेहमीची पद्धत होती. एक नाणंही कमी न करता त्याने सगळं परत केलं. तरी धनी त्याच्यावर रागावला.

आमच्या क्षेत्रात शुक्रवारी संध्याकाळी कोणी डिप्लॉय करत नाही. काही मोडलं तर शनिवार-रविवार गेला! ते शहाणपणच आहे. पण मी असाही कोड पाहिलाय, जो "अजून थोडं तपासू" म्हणत सहा महिने ब्रांचमध्येच पडून राहिला. त्यात एकही बग सापडला नाही. कसा सापडणार? तो कोणी वापरलाच नव्हता. माझा विश्वासही बरीच वर्षं तसाच होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचं रिलीज होतं. दीड वाजता बिल्ड पूर्ण व्हायची वाट बघत मी आणि टीममधला एक मित्र पँट्रीत चहा घेत बसलो होतो. तो अचानक म्हणाला, "बायकोचा गर्भपात झाला रे. दुसऱ्यांदा. घरी कोणाला सांगितलं नाहीये." मग थोडं थांबून म्हणाला, "तू प्रार्थना वगैरे करतोस ना? आमच्यासाठी करशील?"

मी म्हणालो, "हो, करेन की." आणि परत लॅपटॉपकडे बघायला लागलो.

खरं सांगू का, मी घाबरलो. कोणी ऐकलं तर काय म्हणेल? याला वाटेल का, की मी याला धर्माकडे ओढतोय? आणि सगळ्यात मोठी भीती ही, की प्रार्थना केली आणि काहीच झालं नाही तर? घरी जाऊन मी प्रार्थना केली, खोटं नाही सांगत. पण त्याला त्या क्षणी सोबत हवी होती. ती मी पुरून ठेवली. दोन महिन्यांनी त्याने कंपनी बदलली.

आता २४ वं वचन बघा. तिसऱ्या दासाला धनी कठोर माणूस वाटत होता. त्याची भीती तिथून आली. पण धनी खरंच कठोर होता का? एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. म्हणजे जवळजवळ वीस वर्षांची कमाई! ती एका दासाच्या हातात देऊन हा धनी खुशाल निघून गेला. इतका भरवसा टाकणारा माणूस कठोर कसा? दासाने धन्याला ओळखलंच नव्हतं.

आणि पाचवाल्याला व दोनवाल्याला मिळालेली शाबासकी बघा, वचन २१ आणि २३. अगदी सारखी आहे. आकडा वेगळा, शब्द तेच. धनी नफा मोजत नव्हता, विश्वासूपणा बघत होता.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. कोवळ्या वयात त्यांनी दुष्काळाच्या हालात आई-वडील आणि बहीण गमावली. उपास म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. दुष्काळ या शब्दाची सर्वांत जास्त भीती कोणाला वाटायला हवी होती? त्यांनाच. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं, तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि शेकडो विधवा व मुलींना सोबत घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनची वाढ तिथून झाली. ज्या ठिकाणी आपली जखम आहे, त्याच ठिकाणी प्रभू आपल्याला पाठवू शकतो.

साहस म्हणजे उद्या राजीनामा टाकून देणं नव्हे. २७ व्या वचनात धनी म्हणतो, निदान सावकाराकडे तरी ठेवायचे होतेस, व्याज मिळालं असतं. म्हणजे छोटं पाऊलही त्याला चाललं असतं. न चालणारी गोष्ट एकच, खड्डा.

म्हणून काल संध्याकाळी मी त्या मित्राला फोन लावला. हात थरथरत होते, हसू नका! मी म्हणालो, "त्या रात्री तू मला काहीतरी विचारलं होतंस. मी नीट उत्तर दिलं नाही. वहिनी कशा आहेत?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तुला आठवतंय?"

आम्ही चाळीस मिनिटं बोललो. त्यांना अजून मूल नाही. शेवटी मी विचारलं, "आत्ता फोनवरच प्रार्थना केली तर चालेल का?"

तो म्हणाला, "थांब, तिलाही बोलावतो."

प्रियांनो, भीती गेली म्हणून मी फोन केला नाही. फोन करतानाही ती होतीच. पण १ योहान ४:१८ सांगतं की पूर्ण प्रीती भीतीला बाहेर घालवते, आणि आपला धनी तर प्रीतीच आहे. त्याने आधी माझ्यावर भरवसा टाकलाय.

आज स्वतःला विचारा : मी काय पुरून ठेवलंय? कोणाची क्षमा मागायची राहिलीय? कोणाला साक्ष द्यायची राहिलीय? आज फक्त माती उकरायला सुरुवात करा.

प्रार्थना : प्रभू येशू, मी तुला कठोर समजलो, मला क्षमा कर. तू दिलेलं मी जपून ठेवलं, पण वापरलं नाही. आज एक पाऊल टाकायला मला बळ दे. त्या घरातल्या दोघांना तुझी शांती दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.