पुरेसा गारवा

वैशाखांतल्या दुपारीं नागपुरास पारा 45 अंशांवर चढला, म्हणजे ज्या घरांत वातानुकूलन यंत्र आहे तेथें एक तक्रार हटकून ऐकूं येते: यंत्र चालू आहे, पण खोली पुरेशी थंड होत नाहीं. ही तक्रार कारागिराच्या प्रांतांतली. तींत नीतीचा प्रश्न कोठून आला, असें कोणी विचारील. आमच्या मतें तो 'पुरेशी' या शब्दांतच आहे.

प्रथम यंत्राचा न्याय करूं. हें यंत्र गारवा निर्माण करीत नाहीं. खोलींतील उष्णता उचलून तें बाहेर नेऊन टाकतें. म्हणून त्याची परीक्षा त्याच्या तोंडाशींच करावी. तें पंधरा-वीस मिनिटें चालल्यावर आंत ओढल्या जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेचें उष्णतामान मोजावें. दोहोंत 8 ते 12 अंशांचें अंतर भरलें, तर यंत्र आपलें काम बजावीत आहे असें सामान्यतः समजावें. अंतर कमी भरलें, तर जाळी धुळीनें तुंबली असेल, बाहेरच्या पेटीस मोकळी हवा मिळत नसेल, किंवा नळ्यांतला शीतक वायु गळाला असेल. अंतर ठीक असूनही खोली तापलेलीच राहिली, तर पश्चिमेची भिंत, डोक्यावरचा स्लॅब आणि दाराखिडक्यांच्या फटी यांच्याकडे पाहावें. शिवाय अशा यंत्राची शक्ति ठरवितांना बाहेर 35 व आंत 27 अंश उष्णतामान धरलेलें असतें. पारा 45 वर गेला कीं त्याची शक्ति घटते आणि काम मात्र वाढतें. अशा वेळीं कळ 18 वर ठेवणें म्हणजे चढावर दमलेल्या बैलास पराणी टोंचणें होय. साधें यंत्र त्यामुळें अधिक थंड हवा देत नाहीं. तें केवळ थांबावयाचें थांबत नाहीं.

यंत्राचा निकाल असा मोजून लागतो. पण माणसाचें काय? 1902 सालीं विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन अभियंत्यानें ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीं या विद्येची जी योजना आंखली, ती माणसांसाठीं नव्हती, कागदासाठीं होती. दमट हवेनें कागद फुगे आणि रंगावर रंग नीट बसेना. कागदास पुरेसें म्हणजे किती, हें सांगतां येत होतें. छाप जुळली कीं पुरे. सुखास असें माप नाहीं. पहिल्या दिवशीं 26 अंशांत जो स्वर्ग वाटतो, तोच महिन्याभरानें 22 अंशांतही तोकडा वाटूं लागतो. खोली तीच असते; तक्रार करणारा बदललेला असतो.

यावर कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांनीं वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून उन्हाळे काढले. हीं थेरें कशाला? हें मत आम्हांस मान्य नाहीं. उन्हाच्या झळीनें माणसें दगावतात, आणि वृद्ध, अर्भक व रुग्ण यांस गारवा हा औषधासारखा आहे. केवळ कष्ट म्हणून कष्टांत पुण्य नसतें. परंतु औषधास मात्रा असते. शांत झोंप लागावी, प्रकृति राहावी, हातून काम व्हावें, ही गारव्याची मात्रा होय. वैशाखांत दुलई घ्यावी लागणें ही नव्हे.

मात्रेचा विचार आणखी एका कारणानें करावा लागतो, आणि तें आम्हांस उशिरा उमगलें. दीड टनाचें यंत्र खोलींतून सुमारे पांच किलोवॅट उष्णता काढतें. त्याला लागणारी वीजही अखेर उष्णताच होते, आणि दोन्ही बाहेर पडतात. बाहेर म्हणजे कोठें? गेल्या उन्हाळ्यांत आमच्या तक्रारीवरून कारागीर आला. त्यानें मोजलेलें अंतर 11 अंश भरलें. यंत्र निर्दोष होतें. मग त्यानें आम्हांस बाहेरच्या पेटीजवळ उभें केलें. तिचें तोंड चार फुटी बोळांत होतें, आणि समोर एका आजींच्या खोलीची खिडकी होती. त्यांच्या घरीं पंख्यापलीकडे कांहीं नाहीं. ती खिडकी रात्रींही मिटलेली असे, आणि आजींस उघडी हवा सोसत नसावी, असें आम्ही इतके दिवस समजत होतों. त्या कधीं एका शब्दानें बोलल्या नाहींत. शेजाऱ्याचें मौन हें संमतीच समजण्याची आपणां सुशिक्षितांस मोठी संवय आहे.

पेटी आम्हीं गच्चीवर हलविली, कळ 26 वर आणली, आणि जोडीला पंखा ठेविला. झोंप लागते. एवढ्यानें आम्ही निर्दोष झालों असें मात्र नव्हे. गच्चीवर सोडलेली उष्णताही याच शहराच्या हवेंत मिसळते, आणि ती कोणाच्या वाट्यास किती जाते हें आम्हांस दिसत नाहीं, इतकेंच. पण म्हणूनच 'यंत्र पुरेसें थंड करितें कीं नाहीं', या प्रश्नाचें उत्तर खोलींतल्या एकट्या तापमापकावर सोंपवूं नये. दुसरा तापमापक समोरच्या खिडकींत ठेवावा, आणि दोन्ही वाचून मग 'पुरे' हा शब्द उच्चारावा.