सायटेशन किती?

पिंपरीच्या नावाचा एक सूक्ष्मजीव आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हा मातीत राहणारा जीव हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या, म्हणजे आपल्या एच. ए.च्या प्रयोगशाळेत वाढवला गेला आणि त्यातून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध हाती आलं. डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला तो ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’मध्ये. औषध पिंपरीचं, जीव पिंपरीचा आणि नियतकालिकही कारखान्याचंच! आजच्या निवड समितीपुढे हा निबंध ठेवला असता, तर पहिला प्रश्न आला असता, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या संदर्भांची सरासरी, किती?

पिंपरीहून दोन स्टेशनं पुढे आकुर्डीला सकाळची लोकल थांबते, तेव्हा उतरणाऱ्या गर्दीत फार्मसीची मुलंही असतात. त्यांच्यातलं कुणी उद्या संशोधनात गेलं, की त्याला दोन आकडे चिकटणार. एक, पेपर किती छापले. दुसरा, त्यांचा हवाला इतरांनी किती वेळा दिला, म्हणजेच सायटेशन. या दोहोंतून तिसराही निघतो, एच-इंडेक्स. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस संदर्भ मिळाले, त्याचा एच-इंडेक्स वीस. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये ही मोजणी सुचवली. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्याला ती चटकन कळावी. पाळी सुटताना नग मोजायची सवय इथे जुनीच आहे.

मोजणी मला निरुपयोगी वाटत नाही. संदर्भ देणं म्हणजे कुणाकडून काय घेतलं हे चारचौघांत कबूल करणं, आणि तेवढा प्रामाणिकपणा फार थोड्या धंद्यांत उरला आहे. पण मोजलं जातं ते नेमकं काय? जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध औषधशास्त्राच्याच एका प्राध्यापकाचा आहे. सेंट लुईसच्या ऑलिव्हर लॉरी यांनी १९५१मध्ये द्रावणातलं प्रथिन मोजण्याची एक रीत लिहिली. तिचे संदर्भ तीन लाखांवर गेले. त्या निबंधात ना नवं औषध होतं, ना नवा सिद्धांत. प्रयोगशाळेत रोज लागणारी एक सोपी रीत होती, एवढंच. लॉरींना स्वतःलाही तो निबंध फार थोर वाटत नव्हता.

उलट फ्लेमिंगचा पेनिसिलिनवरचा १९२९चा निबंध. पहिली दहा वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी वळूनही पाहिलं नाही. मग फ्लोरी आणि चेन या संशोधकांनी तो उघडला, पेनिसिलिन जगभर गेलं आणि १९५०च्या दशकात पिंपरीतही तयार होऊ लागलं. आज पेनिसिलिनवर लिहिणारे कितीतरी जण फ्लेमिंगचा तो निबंध संदर्भाच्या यादीत घालत नाहीत. इतकं ते सर्वांचं होऊन गेलं आहे! एखादी गोष्ट पूर्ण रुजली, की तिचे संदर्भ आटू लागतात. एच-इंडेक्समध्ये यासाठी रकाना नाही.

आणखी एक उदाहरण आपल्याच राज्यातलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावताना पाहिली. त्या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा ग्राहकांवर जाऊन बसते आणि ती पकड सोडवते. रेणूच्या पातळीवरचं हे औषधशास्त्र त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात रोग्यांच्या उशाशी बसून पडताळलं, आणि १९८६मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आता एवढ्या मोठ्या जर्नलचं नाव आलं म्हणून समिती खूश होईल. होऊ दे. पण तो निबंध सर्वांत जास्त वापरला गेला तो ज्यांनी पुढे कधीच पेपर लिहिला नाही अशा डॉक्टरांकडून. विंचू चावलेलं पोर रात्री आणलं, की डॉक्टर केसपेपरवर लिहितो ते गोळीचं नाव, मात्रा आणि वेळ. तिथे संदर्भांची यादी जोडायची पद्धत नाही.