देणगी आणि देणं

लखनौच्या जुन्या वस्तीत मी राहते त्या गल्लीत, एका घराच्या जिन्याखाली चाकांची खुर्ची उभी असायची. तिच्यावर कधी कांद्यांची पिशवी, कधी इस्त्रीला द्यायचे कपडे, हिवाळ्यात घडी केलेली रजई. ज्या मुलीसाठी खुर्ची आली ती नऊ वर्षांची होती आणि दिवसभर आईच्या कडेवर किंवा दारातल्या खाटेवर असायची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा पक्षाघात. समजतं सगळं, शरीर ऐकत नाही. खुर्ची एका शिबिरात मिळाली होती, मोठ्या माणसाच्या मापाची. बसवलं की मुलगी एका अंगाला कलंडायची, पाय खालच्या फळीपर्यंत पोचायचे नाहीत, हात चाकांपर्यंत जायचे नाहीत. मी आईला विचारलं, बदलून का नाही मागितली? ती म्हणाली, “दीदी, मुफ़्त की चीज़ में नुक़्स कैसे निकालें?”

भाषांतराचं काम करणाऱ्याला एक खोड लागते. एखादं वाक्य मनात अडकलं की ते दुसऱ्या भाषेत नेऊन बघायचं. हे वाक्य नेताना अडचण काहीच आली नाही, आणि तेच मला खुपलं. हिंदीत दानात आलेल्या वासराचे दात मोजत नाहीत. मराठीत धर्माची गाय मिळाल्यावर तिला दात का नाहीत असं विचारणाऱ्याला टोमणा ठरलेला आहे. दोन्ही भाषांनी घेणाऱ्याचं तोंड आधीच बंद करून ठेवलं आहे. पण जनावराचे दात मोजतात ते वय कळावं म्हणून, म्हणजे ते दूध देईल की नाही हे कळावं म्हणून. ज्याला खरोखर दूध हवं आहे त्याला दात मोजावेच लागतात. न मोजता गाय नेणं त्यालाच परवडतं ज्याला दुधाची गरज नाही.

प्रश्न असा आहे: मिळालेल्या मदतीत चूक काढायचा अधिकार घेणाऱ्याला आहे का? आणि नसेल, तर ती मदत कुणाची झाली?

आधी खुर्चीबद्दल. चाकांची खुर्ची ही खुर्चीपेक्षा चपलेला जवळची वस्तू आहे. बैठक कमरेपेक्षा जेमतेम रुंद हवी, नाहीतर मूल एका बाजूला झुकतं आणि पाठीचा कणा त्या बाकाला सरावतो. बैठकीची खोली पाठीपासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंत, त्यातून दोन बोटं कमी. जास्त झाली तर मूल पुढे घसरतं आणि पाठीला पोक येतं. पाय ठेवायची फळी अशा उंचीवर की मांड्या सरळ राहाव्यात. हे चुकलं तर खुर्ची नुसती निरुपयोगी ठरत नाही, ती अपाय करते. ज्यांना कातडीची जाणीव कमी असते त्यांना त्याच जागी दाब पडून जखमा होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये, साधनं कमी असलेल्या देशांसाठी, हाताने चालवायच्या खुर्च्या कशा पुरवाव्यात याची मार्गदर्शिका काढली. तिच्यात आठ पायऱ्या आहेत: नाव नोंदवून वेळ ठरवणं, तपासणी, कोणती खुर्ची ते लिहून देणं, पैशाची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणं, माणसाला बसवून माप जुळवणं, वापराचं शिक्षण, आणि शेवटी पाठपुरावा, देखभाल, दुरुस्ती. हार, फलक आणि छायाचित्र यांच्यासाठी या आठांत जागा नाही.

मोठ्या माणसाचं माप एकदा जुळलं की काही वर्षं चालतं. मूल वाढतं. सरकारला हे माहीत नाही असं नव्हे. अपंग व्यक्तींना साधनं पुरवण्याची केंद्राची ‘ऍडिप’ योजना १९८१ पासून आहे. एकदा साधन घेतल्यावर त्याच कारणासाठी पुन्हा मदत मागायला तिने तीन वर्षांचं अंतर घातलं, पण बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते एका वर्षावर आणलं. ही ओळ लिहिणाऱ्या कुणा अधिकाऱ्याने वाढतं मूल जवळून पाहिलं असणार. आमच्या शेजारणीला या ओळीची गंधवार्ता नव्हती. तिला वाटत होतं की एकदा मिळालं ते मिळालं, पुन्हा हात पसरणं म्हणजे हावरटपणा.

लखनौहून कानपूर सुमारे ऐंशी किलोमीटर. तिथे १९७२ साली स्थापन झालेला अलिम्को हा सरकारी कारखाना आहे. देशभरच्या शिबिरांत वाटल्या जाणाऱ्या तीनचाकी, खुर्च्या, कुबड्या बऱ्याचदा तिथून येतात. म्हणजे आमचं शहर या बाबतीत आडगाव नाही. डालीगंजमध्ये किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटीचं कृत्रिम अवयवांचं केंद्र आहे, सगळे त्याला नुसतं ‘लिंब सेंटर’ म्हणतात. दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी वेगळं विद्यापीठही शहरात आहे. कारखाना आहे, डॉक्टर आहेत, कायदा आहे, आणि तरी खुर्चीवर कांदे आहेत. तेव्हा उणीव वस्तूची नाही, आणखी कशाची तरी आहे.

शिबिरांना नावं ठेवणं सोपं आहे, आणि ते मला करायचं नाही. २९ फेब्रुवारी २०२० ला प्रयागराजच्या शिबिरात एका दिवसात सव्वीस हजारांहून अधिक दिव्यांग आणि वृद्ध लोकांना साधनं दिली गेली. त्यातल्या कितीतरी जणांना पहिल्यांदाच काहीतरी मिळालं असेल. ज्याच्याकडे तीनचाकी नव्हती आणि आता आहे, त्याच्यापुढे मी माझं तत्त्वज्ञान घेऊन जाणार नाही. अडचण शिबिराच्या हेतूत नाही, त्याच्या काळात आहे. शिबिराला तारीख असते. ते सकाळी सुरू होतं आणि संध्याकाळी मांडव उतरवतात. मुलाच्या गुडघ्याला तारीख नसते.

दान कसं करावं याची एक गोष्ट या शहराने सांभाळून ठेवली आहे. १७८४ च्या सुमारास अवधमध्ये मोठा दुष्काळ होता. नवाब आसफउद्दौलाने लोकांना काम मिळावं म्हणून बडा इमामबाडा बांधायला घेतला. पुढचा भाग दंतकथेचा, पण इथला प्रत्येक गाईड तो सांगतो: दिवसा गोरगरीब भिंती उभारत, आणि रात्री, ज्यांची उपासमार चालली होती पण मजुरी करताना दिसणं ज्यांना शरमेचं होतं असे खानदानी लोक येऊन त्यातला काही भाग पाडत. दोघांनाही रोज मिळे. रात्री दिवे नसत, कुणी कुणाचा चेहरा पाहू नये म्हणून.

मला ही गोष्ट अनेक वर्षं फार आवडायची. देणाऱ्याने घेणाऱ्याची अब्रू राखावी, यापेक्षा नाजूक शिष्टाचार तो कोणता? त्या खुर्चीनंतर मात्र तिच्यातली गोम दिसली. अंधार फक्त उमरावांसाठी होता. ज्याच्याकडे आधीच काही नव्हतं त्याने भर उन्हात विटा वाहायच्या, त्याला कसली शरम. आजही तेच आहे. बँकेचं मोठं कर्ज माफ होतं तेव्हा त्या माणसाला मंचावर बसवून गळ्यात हार घालत नाहीत. खुर्ची मिळालेल्या मुलीला घालतात. आमच्या शेजारणीच्या घरात ते छायाचित्र आहे. मुलगी एका बाजूला कलंडलेली आहे आणि मागून कुणाचा तरी हात तिचं डोकं सावरून धरतो आहे. खुर्ची मापाची नाही हे त्या छायाचित्रातच दिसतं. पाहणाऱ्यांना उपकार दिसला.

पुढे झालं ते असं. सरकारी रुग्णालयातल्या एका फिजिओथेरपिस्टने मुलीला तपासून कागदावर मापं लिहून दिली. आमच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे चचा म्हणतात. चचांनी कागद उलटसुलट करून पाहिला, खुर्ची उलटी करून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन या म्हणाले. प्लायवूडचे तुकडे सुताराने दिले. रजया शिवणाऱ्याने फोमवर रेक्झिन चढवलं आणि कमरेचा पट्टा शिवला. पाय ठेवायच्या फळीची नळी चचांनी कापून वर घेतली. एवढ्यात चार दिवस गेले. कुणी पैसे घेतले नाहीत. “बच्ची का काम है,” चचा म्हणाले.

इथे थांबले असते तर ही एका भल्या गल्लीची गोष्ट झाली असती. पण पंधरा दिवसांनी मी पाहिलं, खुर्चीच्या डाव्या चाकाखाली वीट. ब्रेक धरत नव्हता. नवीन बैठक तिथे घासत होती. आईने कुणाला सांगितलं नव्हतं. सरकारला सांगायची चोरी होती तशीच आता चचांना सांगायची चोरी. मदत मांडवातून गल्लीत आली, छायाचित्र गेलं, ओळखीची माणसं आली, आणि घेणाऱ्याचं तोंड पूर्वीइतकंच बंद राहिलं. उलट जास्तच. सरकारवर निदान मागे बोलता येतं. ज्यांच्या दुकानावरून रोज जायचं त्यांच्याबद्दल कसं बोलणार?

मी सांगितलं तेव्हा चचा रागावले. उतारावर चाक सुटलं असतं तर? ब्रेक नीट करून त्यांनी आईकडून चाळीस रुपये मागून घेतले. “अब पैसे दिए हैं, अब डाँटने आइएगा.”

मी या चाळीस रुपयांवर बराच विचार केला आहे. कामाची किंमत ती नव्हती. पण त्या दिवसापासून ती बाई बोलू लागली. पट्टा काचतो, फोम बसला, मुलगी उजवीकडे झुकते. चचांना हे ठाऊक होतं की कृतज्ञ माणूस खोटं बोलतो. चांगलं आहे म्हणतो. आणि कृतज्ञ माणसासाठी बनवलेली वस्तू त्यामुळे कधी सुधारत नाही.

पण ज्याच्याकडे चाळीस रुपयेही नाहीत त्याने आवाज कुठून विकत आणायचा? इथे पैशाचं उत्तर अपुरं पडतं, आणि हक्काची भाषा येते. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने मान्य अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि बऱ्याच गोष्टी दयेच्या रकान्यातून काढून अधिकाराच्या रकान्यात घातल्या. हे मोठं काम आहे. तरी हक्क कचेरीत मागायचा असतो, आणि कचेरीला या मुलीचा गुडघा ठाऊक नाही. तो चचांना ठाऊक आहे. आणि चचांवर तिचा कायदेशीर हक्क काहीच नाही.

या दोहोंच्या मधल्या जागेसाठी मराठीत एक शब्द आहे. आपण ‘देणं’ म्हणतो तेव्हा दोन अर्थ होतात. एक, हातातलं दुसऱ्याला देण्याची कृती. दुसरा, अंगावर असलेलं कर्ज: वाण्याचं देणं, बँकेचं देणं. देणगी त्याच घरातली, पण तिचा स्वभाव वेगळा. देणगी दिली की संपते. देणं फिटेपर्यंत संपत नाही. देणगीत घेणारा वाकतो. देण्यात घेणेकरी ताठ मानेने दारात येतो, कडी वाजवतो, आणि कमी भरलं तर तसं तोंडावर सांगतो. या मुलीची खुर्ची हे आमच्या गल्लीचं देणं आहे असं मला म्हणायचं आहे.

यावर आक्षेप येणार. मी कर्ज घेतलंच नाही, तिचा आजार माझ्यामुळे नाही, मग देणं कसलं? आपल्या परंपरेला न काढलेल्या कर्जाची कल्पना नवी नाही. देव, ऋषी, पितर यांची ऋणं सगळ्यांना माहीत आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथं ऋणही सांगितलं आहे, माणसांचं. इस्लामी परंपरा श्रीमंताच्या मालमत्तेत गरजवंताचा हक़ मानते. पण ग्रंथांपर्यंत जायचीही गरज नाही, गल्लीत पाहिलं तरी पुरे. आमच्याकडे प्रत्येक उंबऱ्यापुढे सिमेंटचा उतार आहे, स्कूटर घरात घेण्यासाठी. एकानेही परवानगी घेतलेली नाही. त्या उतारांनी गल्ली अशी चढउताराची झाली आहे की मुलीची खुर्ची सरळ जात नाही. स्कूटरला पायरी चढता येत नाही म्हणून तिच्यावर कुणी दया केली नाही, सिमेंट आणलं. म्हणजे चाकांसाठी जमीन बदलायची असते हे तत्त्व आम्हाला कधीच मान्य आहे. फक्त कुणाच्या चाकांसाठी, एवढंच ठरायचं होतं. तिचा आजार आमच्यामुळे नाही हे खरं. तिचं घरात अडकणं पुष्कळसं आमच्यामुळे आहे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आत्मकथनाला नाव दिलं ‘चाकाची खुर्ची’. तरुणपणी पायांतली शक्ती गेलेल्या या बाईंनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अपंग, विकलांग, दिव्यांग असे शब्द आपण बदलत आलो; भाषांतर करताना मीही दर वेळी अडखळते. या शीर्षकात माणसाला विशेषण नाही, वस्तूचं साधं नाव आहे. आणि वस्तूचं नाव घेतलं की पुढचे प्रश्न आपोआप व्यवहाराचे होतात: चाक फिरतं का, माप बरोबर आहे का, दार रुंद आहे का. दयेपुढे हे प्रश्न विचारता येत नाहीत. देण्यात ते विचारावेच लागतात.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. सकाळी खुर्ची गल्लीच्या तोंडाशी असते. तिला एकटीने चालवता येत नाही. कुणीतरी ढकलावं लागतं, आणि कोण ढकलणार यावर मुलांत भांडणं होतात. दोन घरांनी आपले उतार तोडून मागे घेतले, बाकीच्यांनी नाही. एका घराशी त्यावरून बोलाचाली बंद आहे. मागच्या आठवड्यात फळी पुन्हा खाली घ्यायची होती, पाय लांबले म्हणून. मी चचांच्या दुकानात गेले तेव्हा पाहिलं, नळीवर त्यांनी आधीच एकाखाली एक तीन भोकं पाडून ठेवली होती. बोट ठेवून दाखवत म्हणाले, “ये इस साल का, ये अगले साल का, ये उसके बाद का.” मग पान्याने बोल्ट काढला आणि एक भोक खाली लावला.