पाण्याच्या भांडणात 'जैसे थे' कुणाचं?

कोर्टाने 'जैसे थे' म्हटलं की आपल्याला वाटतं, निकालापर्यंत कुणाचंच नुकसान नको एवढाच त्याचा अर्थ. जमिनीच्या वादात ते बऱ्यापैकी खरं असेल. कितीही तारखा पडल्या तरी जमीन जागची हलत नाही. पाण्याच्या वादात मात्र मला हा शब्द खटकतो.

गोदावरीचंच बघा. वर नाशिक आणि नगरची धरणं, खाली पैठणला जायकवाडी. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 मध्ये सूत्र घालून दिलं. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. प्राधिकरणाचा आदेश मोडला तर 2005 च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा वर्षाच्या पाणीपट्टीच्या दहापट दंडही आहे. म्हणजे कायदा नुसता कागदी नाही.

तरी पाऊस कमी झाला की कुणीतरी कोर्टात जातंच. 2023 मध्ये 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला आणि पाणी सुटलं नोव्हेंबरच्या शेवटी, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर. मधल्या महिन्यात पाणी वरच्याच धरणांत होतं. खाली हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस निघून जात होते. शिवाय नदीचं पात्र जितकं कोरडं, तितकं सोडलेलं पाणी वाळूत जास्त मुरतं. म्हणजे उशिराची किंमत मोजायची ती खालच्यानेच. वाद चालू असताना धरणाची दारं बंद ठेवणं हा वरच्याच्या बाजूने दिलेला, फक्त न लिहिलेला, निकाल असतो.

वरचे सगळे खलनायक आहेत असं मुळीच नाही. भंडारदरा 1926 चं, जायकवाडी 1976 चं. आजोबांपासून ज्या पाटाच्या भरवशावर घर चाललं, ते पाणी एका आदेशाने जाणार असेल तर त्या माणसाचं ऐकून घ्यायलाच हवं. न ऐकता काढलेला आदेश ही दांडगाईच.

पण ऐकून कुणाचं घेतलं जातं? याचिका करतात त्यांच्याकडे वकील असतो. नदीकाठी कांद्याला पाणी देणाऱ्याकडे पाच हॉर्सपॉवरची मोटर असते. पाणी सुटलं की ते वाटेत उचललं जाऊ नये म्हणून काठावरची वीज तोडतात, पोलीस उभे करतात. कांदेवाल्याची बाजू ऐकायला कुठली तारीख पडत नाही, नुसता करंट जातो.

मला वाटतं, सुनावणी सप्टेंबरातच संपवावी. धरण भरणार की नाही, ते तोवर बरंचसं दिसू लागतं. आणि स्थगिती मिळालीच, तर त्या दिवसांत वर वापरलेलं पाणी वरच्यांच्या पुढच्या आवर्तनातून वळतं करावं. पाण्याचा हिशेब असा जुळवता येईल. न पेरलेला हरभरा कुठल्या आवर्तनातून भरून द्यायचा, ते मात्र मला सुचलेलं नाही.